घुमट, मनोरे आणि बंद दारापाशी संपणारा जिना: नंदगडच्या लाकडी स्टँडबद्दल

ताई, तुमचे प्रश्न चार आहेत. बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडच्या जुन्या घरातला हा लाकडी स्टँड नक्की कशासाठी केला होता, तो किती जुना, त्यातून पडणाऱ्या भुकटीचं काय करायचं, आणि शेवटी तो कोल्हापूरहून आलेल्या व्यापाऱ्याला द्यावा की पुतण्या म्हणतोय तसा पांढरा रंग मारून पुण्याच्या फ्लॅटवर न्यावा. घाईत असाल तर एवढंच वाचा: रंग मारू नका, व्यापाऱ्याला इतक्यात हो म्हणू नका, आणि भुकटीचा बंदोबस्त मात्र याच आठवड्यात करा. बाकीचं सवडीनं वाचलंत तरी चालेल, पण वाचा. पहिल्या दोन प्रश्नांचा उलगडा झाल्याशिवाय चौथ्याचं उत्तर देण्यात अर्थ नाही.

फोटोंत मला काय दिसतं ते आधी लिहितो. साडेचार फूट उंची, खाली रुंद, वर निमुळता. तळमजल्यावर पाच महिरपींची ओसरी आणि पुढे कातीव खांब. मधल्या मजल्यावर पुढे आलेला सज्जा, त्याला बोटभर उंचीचा कठडा, मागे आरसा. वरच्या मजल्याला टोकदार खिडक्या, त्यावर उतरतं छप्पर, छपरावर कोरलेली कौलं, आणि या सगळ्यावर घुमट. घुमटाखाली गोल चकती, तिच्यावर घड्याळाचे आकडे रंगवलेत. दोन्ही बाजूंना मनोरे होते, त्यातला डावा गेलाय. उजवीकडून एक जिना वर चढतो आणि एका कोरलेल्या दारापाशी संपतो. दार उघडत नाही, कारण ते दार नाहीच, नक्षी आहे.

व्यापाऱ्यानं तुम्हाला सांगितलं की हा बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे छावणीतल्या, साहेबाच्या बंगल्यातला, दीडशे वर्षांचा, ब्लॅकवुडचा आणि आरसा बेल्जियमचा. आपल्या भागात जुनं लाकूड विकत घेणारे आणि विकणारे, दोघांच्याही तोंडी ही वाक्यं ठरलेली असतात. एकेक तपासू.

साहेबाचा बंगला ही गोष्ट हवेतली नाही. बेळगावची छावणी मोठी, अधिकाऱ्यांच्या बदल्या व्हायच्या, सामानाचे लिलाव व्हायचे, आणि त्या लिलावांतून टेबलं, आरामखुर्च्या, कपाटं गावातल्या घरांत आली. पण साहेबाच्या दिवाणखान्यात शोभेच्या वस्तू मांडायला जो स्टँड असे, ज्याला ते ‘व्हॉटनॉट’ म्हणत, तो साधा असतो: चार कातीव खांब आणि त्यांवर तीन-चार सपाट फळ्या. इंग्लंडात इमारतींच्या आकाराचे स्टँडही होत, नाही असं नाही. पातळ फळीवर छापील नमुना चिकटवायचा आणि बारीक करवतीनं जाळी कापायची, हा तिकडे घरोघरीचा छंद होता. नॉरफोकमधल्या डेरेहॅम गावच्या ‘हॉबीज’ कंपनीनं तर १८९५ पासून त्यासाठी साप्ताहिकच काढलं. छापील कागदावरून केलेलं काम लगेच ओळखू येतं. फळी पातळ असते आणि डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी येते. तुमच्या स्टँडच्या महिरपी जाड लाकडातून पटाशीनं काढल्यात. तळमजल्याची दुसरी आणि चौथी महिरप शेजारी ठेवून बघा: एकीला सात पाकळ्या आहेत, दुसरीला नऊ. हे हातानं आणि नजरेच्या अंदाजानं केलेलं काम आहे, आपल्याच मेस्त्रीचं.

ब्लॅकवुड म्हणजे आपला शिसव. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवाचं भरगच्च नक्षीचं फर्निचर होई, त्यावरून हे नाव प्रतिष्ठेचं झालं, आणि तेव्हापासून काळं दिसेल ते ब्लॅकवुड. तुमच्या स्टँडचा काळेपणा रंगवलेल्या पॉलिशचा आणि वर बसलेल्या काजळीचा आहे. डावा मनोरा जिथून निघालाय तिथलं उघडं लाकूड फोटोत सोनेरी-तपकिरी दिसतं. तो साग. खात्री हवी असेल तर तळाच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, ब्लेडनं नखाएवढी साल काढून वास घ्या. सागाला जुन्या कातड्यासारखा वास येतो आणि बोटाला तेलकटपणा जाणवतो. शिसव आतून जांभळट, काळ्या रेघांचा, आणि वजनाला भारी: घनमीटरला साधारण ८५० किलो, साग ६५० च्या आसपास. तुमच्या घरातली दोन माणसं स्टँड सहज उचलून अंगणात नेतात असं तुम्हीच लिहिलंय. खांब मात्र वेगळ्या लाकडाचे वाटतात, पिवळसर आणि दाट, बहुधा हेद. कातायला हेद चांगला, मेस्त्री मुद्दाम घेतात. आणि पाठीची फळी खोक्याची आहे, देवदारी. तिच्याकडे पुन्हा येऊ, कारण वयाचा खरा पुरावा तीच देते.

आरशाचं थोडक्यात. जुने आरसे कथील आणि पाऱ्याचे असत. त्यांची झाक राखाडी असते आणि कडेला कणकण चमकतं. नंतर काचेवर चांदीचा थर देण्याची पद्धत आली. लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ती १८३५ मध्ये शोधली. चांदीचा आरसा म्हातारा झाला की कडेनं तांबूस-काळे डाग पडतात. तुमच्या आरशाला तसेच डाग आहेत, म्हणजे चांदीचा. काच बेल्जियमची की आणखी कुठली, यानं किमतीत आणि वयात काही फरक पडत नाही. बदलू नका, मागून पुसू नका. राखाडी, कणकण चमकणारा आरसा कुणाकडे असेल तर त्याच्या पाठीला हातही लावू नये, पारा असतो.

आता इमारतीकडे येतो. हा स्टँड कुठल्या एका इमारतीची प्रतिकृती नाही, आणि म्हणूनच मला तो इतका आवडला. घुमटाच्या बुडाशी पाकळ्यांचं कडं आहे, जणू घुमट कमळातून वर आलाय. ही आदिलशाही रीत. विजापूरच्या गोल घुमटापासून (१६५६) आपल्या भागातल्या लहानमोठ्या दर्ग्यांपर्यंत ती दिसते. महिरपी वाड्याच्या आहेत. खांबांना खाली फुगीर पोट आणि वर निमुळती मान, म्हणजे वाड्यातले सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब. वरच्या मजल्याच्या टोकदार खिडक्या कॅम्पातल्या चर्चच्या. कौलं तर आपल्याच घरांवरची. कातीव खांबांचा शौकही इथला जुनाच: बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराचे दगडी खांब १२०४ सालचे, तेही कातावर फिरवून गुळगुळीत केलेले. नंदगड, खानापूर, बेळगाव एवढ्या टापूत हिंडणाऱ्या मेस्त्रीला यातलं सगळं उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं.

घड्याळाची चकती मात्र मला कोल्हापूरकडे बोट दाखवते असं वाटतं. तिथला नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुरचनाकारानं आखला, बांधकाम १८७७ ते १८८४. मधोमध घड्याळाचा मनोरा, भोवती हिंदू, इस्लामी आणि युरोपीय तऱ्हांची बेमालूम भेसळ. कोल्हापूरला अंबाबाईला जाणारा आपल्याकडचा माणूस राजवाडा बघून यायचाच. तुमच्या मेस्त्रीनं तो बघितला असावा, किंवा बघून आलेल्याकडून ऐकला असावा. मँटसाहेबानं चार शैली एकत्र केल्या तर त्याला ‘इंडो-सारसेनिक’ म्हणतात, आणि नंदगडकडच्या मेस्त्रीनं त्याच केल्या तर आपण ‘गमतीदार’ म्हणतो. असो.

तुम्ही लिहिलंय की जिना कुठेच जात नाही, ही मेस्त्रीची चूक असावी. नाही. त्या पायऱ्या जवळून बघा. खऱ्या जिन्याच्या प्रमाणात त्या फारच रुंद आहेत, दीड इंच तरी असतील. तिसऱ्या आणि पाचव्या पायरीवर मधोमध पॉलिश उडून गोल फिकट खूण झाली आहे. तिथं वर्षानुवर्षं काहीतरी ठेवलं जात होतं, पणती किंवा छोटं खेळणं. म्हणजे जिना हा फळ्यांचाच एक प्रकार आहे, जिन्याचं सोंग घेतलेला. सज्जा तसाच: कठडा शोभेचा दिसतो, पण ठेवलेली वस्तू पुढे घसरू नये म्हणून तो लागतोच. इथल्या प्रत्येक लहरी तुकड्याला काम दिलेलं आहे. फक्त घड्याळाला नाही.

वयाबद्दल. छपरावरची कौलं नळीची नाहीत, एकमेकांत अडकणारी चपटी आहेत, मधून उभी रेघ असलेली. ती मंगळुरी कौलं. बासेल मिशननं मंगळूरला त्यांचा कारखाना काढला १८६५ मध्ये, आणि ती आपल्याकडे सर्रास दिसायला लागली त्यानंतर बऱ्याच काळानं, खानापूरलाही कौलांचे कारखाने निघाले तेव्हा. मेस्त्री लहान आकारात तेच कोरतो जे त्याला रोज छपरावर दिसतं. तेव्हा दीडशे वर्षं हा आकडा इथंच डळमळतो.

पाठीच्या फळीवर तुम्हाला इंग्रजी ‘एम-ए-एच’ अशी अर्धवट काळी अक्षरं दिसली. रॉकेलचे चौकोनी डबे पूर्वी दोन-दोन करून लाकडी खोक्यात येत, आणि ती खोकी कुणी फेकत नसे: सुतार पाठीच्या फळ्यांना वापरत, दुकानदार मांडणीला. ती अक्षरं ‘बर्मा शेल’मधली (इंग्रजीत BURMAH) असतील तर बर्मा-शेल कंपनी झाली १९२८ मध्ये, तेव्हा फळी त्याआधीची असूच शकत नाही. पाठ नंतर बदलली असेल तर? ते तपासता येतं. एखादा खिळा जरा वर उचलून बघा. मूळ पाठ असेल तर चौकटीच्या लाकडात एकाच खिळ्याचं एकच भोक असेल. बदललेली असेल तर शेजारी दुसरी रिकामी भोकं सापडतात, आणि चौकटीच्या खाचेत जुन्या फळीच्या जाडीची फिकट पट्टी उमटलेली असते. फोटोत मला एकच ओळ दिसते.

आणखी दोन खुणा बघून ठेवा. आतल्या बाजूच्या, रंधा न मारलेल्या फळ्यांवर करवतीच्या रेघा सरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या असतील तर हातकरवत, कमानीसारख्या वळलेल्या असतील तर गिरणीची गोल करवत. आणि सांध्यांतला चिकट पदार्थ. पिवळा-तपकिरी, काचेसारखा तुटणारा असेल तर सरस, म्हणजे जुनं काम. पांढरट, रबरासारखा असेल तर फेव्हिकॉल, आणि फेव्हिकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये. मला वाटतं तुमच्याकडे दोन्ही सापडेल: मूळ काम सरसात, आणि उजव्या मनोऱ्याची दुरुस्ती फेव्हिकॉलात. या सगळ्यावरून मी हा स्टँड १९३० ते १९५० च्या दरम्यानचा धरतो. तुमच्या आजेसासूबाई लग्न होऊन या घरात आल्या त्याच सुमाराचा, हे तुम्ही सांगितलेल्या हकिकतीशी जुळतं.

आता कशासाठी? तुमच्या जाऊबाई म्हणतात देव्हारा. मला तसं वाटत नाही. देव्हाऱ्याला पाठीशी आरसा लावत नाहीत, आणि रोज देवपूजा होणाऱ्या लाकडावर तेलातुपाचा, पाण्याचा, गंधाचा थर एका ठिकाणी साचतो. तुमच्याकडे कुंकवाचे डाग आहेत, पण ते सगळ्या मजल्यांवर थोडे-थोडे विखुरलेत. काजळी आहे, पण फक्त वरच्या मजल्याच्या छताला. दुकानातला मांडणीचा स्टँड म्हणावा, तर दुकानातल्या वस्तूचा पुढचा काठ गिऱ्हाइकांच्या हातांनी झिजतो. तुमचा पुढचा काठ अजून धारदार आहे.

निकाल लावतात ते घुमटाच्या खालचे दोन पितळी हूक. त्यांच्यात चार बोटांचं अंतर आहे आणि दोघांचीही आतली कड घासून पातळ झाली आहे. म्हणजे तिथं काहीतरी टांगलं जायचं आणि ते हलायचं. दोन साखळ्यांवर टांगलेली आणि हलणारी वस्तू म्हणजे झोपाळा. हा चैत्रगौरीचा स्टँड आहे, ताई. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. तेवढ्या महिन्यात एखादा दिवस हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, आणि गौरीपुढे पायऱ्या-पायऱ्यांची आरास. मागचा आरसा त्यासाठीच: एक निरांजन दोन दिसतात आणि दहा खेळणी वीस. वर्षातून एकदाच बाहेर निघत असल्यामुळं झीज कमी, कुंकू विखुरलेलं, काजळी वरच्या मजल्याला. सगळं जुळतं.

आपल्या भागात त्याचा दुसराही उपयोग झालेला असू शकतो. कानडी घरांत दसऱ्याला बाहुल्यांची आरास मांडतात, गोंबे म्हणतात ती, आणि नंदगडसारख्या गावात मराठी-कानडी घरं भिंतीला भिंत लावून आहेत. शेजारणीनं नवरात्रात मागून नेला आणि दिवाळीआधी परत आणून दिला, असं घडलेलं असेल तर मला नवल वाटणार नाही. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला हे विचारा. आणि माळ्यावर खेळण्यांची पेटी आहे का बघा. गोकाकची रंगीत लाकडी फळं आणि चित्रं, सावंतवाडीची पांगाऱ्याची लाखकाम केलेली खेळणी आपल्याकडच्या आरासीत हमखास असत. सापडली तर त्यांना पाणी लावू नका, नुसतं मऊ ब्रशनं झटका. खेळण्यांसकट हा स्टँड म्हणजे पूर्ण वस्तू. नुसता स्टँड म्हणजे तिचा अर्धा भाग.

भुकटी. आधी ती कुठली हे ओळखा. स्टँड उचलून दुसऱ्या खोलीत, इतर लाकडी सामानापासून लांब ठेवा आणि खाली काळा कागद अंथरा. दोन-तीन दिवसांनी जे पडेल ते बोटात चोळा. मैद्याइतकं बारीक असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा. कंगोरे असलेले बारीक दाणे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी, आणि मग कीटकनाशकवाल्याला बोलवावंच लागेल. मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतली वाळवी, तेव्हा स्टँडच्या आधी घराची काळजी करा. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो. हा भुंगा सागाच्या गाभ्याला सहसा शिवत नाही. बाहेरचा पांढुरका कच्चा भाग त्याला आवडतो, कारण त्यात पिष्ट असतं. मेस्त्रीनं मोठ्या कामातून उरलेले तुकडे वापरलेत, त्यांत असा कच्चा भाग आलाच. म्हणून भोकं उजव्या पायाशी आणि जिन्याखालीच आहेत. इमारत कोसळणार नाही.

भोकं आत्ता बुजवू नका. प्रत्येकाशेजारी खडूची बारीक टिकली द्या, म्हणजे नवं भोक पडलं की कळेल. लाकडासाठी तयार मिळणारं परमेथ्रिनचं औषध बारीक सुईच्या सिरिंजनं भोकांत सोडा आणि तळाच्या, पॉलिश नसलेल्या बाजूला ब्रशनं दोन हात द्या. हातमोजे, मास्क, उघड्या खिडक्या, आणि मुलं बाहेर. पॉलिश असलेल्या भागावर सांडलं तर लगेच टिपून घ्या. रॉकेल ओतायचा सल्ला तुम्हाला शेजारीपाजारी देतीलच. रॉकेल ज्या किड्याला लागेल त्याला मारतं, खोल बसलेल्याला काही होत नाही, डाग आणि वास मात्र राहतात, आणि ज्या वस्तूवर निरांजन ठेवायचं तिच्यात रॉकेल कशाला मुरवायचं? औषधानंतर पुढचा पावसाळा संपेपर्यंत टिकल्यांकडे लक्ष ठेवा. नवं भोक नाही पडलं, तर मग मेण आणि थोडा रंग मिसळून भोकं बंद करा.

सफाईबद्दल मी जरा कडक आहे. खोबरेल, लिंबू, भांड्यांचा साबण, ‘नव्यासारखं करून देतो’ म्हणणाऱ्याचा पॉलिश पेपर, यातलं काहीही लावायचं नाही. खोबरेल पहिल्या दिवशी छान दिसतं, मग खवट होतं आणि धूळ धरून ठेवतं. मऊ ब्रशनं वरून खाली धूळ झटका, व्हॅक्यूम असेल तर त्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा, नाहीतर सुटलेली एखादी पाकळी आत जाईल. मग कापसाचा बोळा नावापुरता ओला करून एका कोपऱ्यात फिरवून बघा. जगभरातले जाणकार यासाठी स्वतःची लाळही वापरतात, किळस येत असेल तर सोडून द्या, पण त्यातल्या पाचकरसांमुळं मळ खरोखर निघतो. काजळीला पाण्यानं काही होत नाही. तिथं मिनरल टर्पेंटाइन, बोळ्यावर, आधी लपलेल्या जागी चाचणी घेऊन. स्पिरिट मात्र लांब ठेवा. तुमचं पॉलिश चपडी लाखेचं दिसतं, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कुठल्याशा न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावून चिकट झालं तर लाख नक्की, एवढ्यापुरताच त्याचा उपयोग.

कुंकवाचे डाग काढू नका. विनंती नाही, सूचना समजा. हा स्टँड काय आहे हे आपल्याला त्यांच्यावरूनच कळलं. काढायला गेलात तरी पूर्ण निघणार नाहीत, गुलाबी धब्बे मात्र पसरतील.

शेवटी मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये मऊ करून अगदी पातळ हात द्या, तासाभरानं सुती फडक्यानं पुसा. अळशीचं तेल वापरणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली की ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पसरून, उघड्यावर वाळू द्या. जुन्या घरात, आढ्याला लाकूड असताना, हे मी दर वेळी सांगतो.

दुरुस्ती मेस्त्रीकडे द्याल तेव्हा सरसच वापरायला सांगा. रात्रभर पाण्यात भिजवायचा, दुहेरी भांड्यात साठेक अंशांवर विरघळवायचा, उकळायचा नाही. आज फेव्हिकॉल जास्त पक्कं धरतं, खरंय, पण उद्या सांधा सोडवायचा झाला तर सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, फेव्हिकॉल लाकूड फाडूनच सुटतं. डावा मनोरा उजव्यावरून कातून घेता येईल. हेद नाही मिळाला तर सागाचा चालेल, पण त्याच्या बुडाशी पेन्सिलीनं साल लिहायला सांगा, म्हणजे पुढच्याला नवा कुठला ते कळेल. दोन महिरपींतला सात-नऊ पाकळ्यांचा फरक कृपा करून कुणी ‘सारखा’ करू नये.

व्यापाऱ्याकडे येऊ. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणं शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. नवी असेल तर बाहेर नेणारे लोक पुरातत्त्व खात्याकडून ती तेवढी जुनी नसल्याचा दाखला घेतात. तेव्हा दीडशे वर्षांची म्हणायची आणि ‘परदेशी गिऱ्हाईक आहे’ असंही म्हणायचं, हे दोन्ही एकदम जमत नाही. यापुढं तो आला की परवाना दाखवायला सांगा, बघा काय होतं ते. तुमचा स्टँड मी धरतो त्या वयाचा असेल तर तुम्हाला देशातल्या देशात विकायला कायद्याची आडकाठी नाही. घड्याळाच्या चकतीवरचे पांढरे ठिपके तेवढे बघून घ्या. हाड किंवा शिंपला असेल तर हरकत नाही, हस्तिदंत असेल तर त्याची खरेदी-विक्री बंद आहे. माझ्या मते तो शिंपला आहे, कारण फोटोत एका बाजूनं हिरवट चमकतोय.

किंमत मी सांगत नाही, कारण या वस्तूला बाजारभाव नसतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा तमिळनाडूतल्या कारैकुडीला खांब, दारं, आरसे यांचे भाव ठरलेले असतात. असा एकुलता तुकडा ज्याला आवडेल त्याला आवडेल. व्यापारी तुम्हाला घुमटाचे आणि महिरपींचे पैसे देतोय, चैत्रगौरीचे नाही, कारण त्याला ती ठाऊक नाही. विकायचाच असेल तर झोपाळ्याचे हूक, खेळणी, हकिकत सगळं लिहून, फोटो काढून, मग विका. पण घरात ठेवायला जागा असेल तर माझा सल्ला न विकण्याचा आहे.

पुतण्याला पुण्याला न्यायचा असेल तर न्यावा, त्यात वाईट काही नाही. वेळ मात्र निवडून. नंदगडकडच्या पावसात लाकूड ओल पिऊन फुगतं. तसंच्या तसं ते दिवाळीत उचलून एसीच्या हॉलमध्ये ठेवलं तर महिन्याभरात फळ्या आक्रसून फुटतात, आणि मग लोक म्हणतात जुनं लाकूड टिकत नाही. माघ-फाल्गुनात, लाकूड इथंच वाळलेलं असताना न्या. प्लास्टिकमध्ये नको, सुती चादरीत गुंडाळा. घुमट आणि मनोरा वेगळे काढून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून. तिथं एसीच्या झोतासमोर किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका.

पांढऱ्या रंगाचं त्याला असं सांगा: तो खडूसारखा रंग कोरीव कामाच्या प्रत्येक खाचेत बसतो, आणि नंतर काढायचा म्हटलं तर लाख, काजळी, कुंकू, सगळं त्याच्याबरोबर निघतं. त्याला पांढराच हवा असेल तर स्टँड दुरुस्तीसाठी सुटा होईल तेव्हा मेस्त्रीला सगळ्या भागांचे कागदावर ठसे काढून घ्यायला सांगा. त्यावरून आंब्याच्या किंवा शिवणीच्या लाकडाचा दुसरा करून मिळेल. तो हवा तसा रंगवा, जिन्यावर रोपांच्या कुंड्या ठेवा, घड्याळात खरे काटे बसवा. बेळगावच्या शहापूर-वडगावकडे असं काम करणारे मेस्त्री अजून आहेत. फक्त आधी त्यांच्याकडचा कातीव खांब हातात घेऊन बघा, आणि आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका.